साक्षीच्या काचा

४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

सादर नमस्कार. पायाचे प्लॅस्टर आणखी दोन महिने निघणार नाही आणि म्हणून तुम्ही अंथरुणातूनच सगळ्या घरावर मुकादमी करता आहात, असे मामी लिहिते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही; तेव्हा पत्र हेच आपल्या दोघांच्या सोयीचे.

एक क्षुल्लक गोष्ट विचारायची आहे. ती क्षुल्लक आहे, असे मी गेले आठ दिवस स्वतःला बजावते आहे. आमच्या जिन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर जी खिडकी आहे, तिच्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली आहे. गेल्या महिन्यात ती नव्हती, हे मी खात्रीने सांगू शकते. छापखान्यात दिवसभर मी दुसऱ्यांच्या ओळींतल्या चुका शोधत असते. संध्याकाळी घरी येताना डोळ्यांना ती सवय विसरता येत नाही. पोस्टकार्डाची कड आत शिरेल एवढी तिची रुंदी आहे. मी खरोखरच पोस्टकार्ड घालून पाहिले आणि वरून कुणीतरी उतरत आहे असे ऐकू येताच ते तिथेच सोडून पळाले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते माझ्या दाराच्या फटीत सारून ठेवले होते.

इमारत चार मजली आहे, सोळा बिऱ्हाडांची. चाळीस वर्षे भिंती बांधण्यात घालवलेला माणूस घरात असताना मी कुणा परक्याला का विचारावे? भिण्यासारखे काही नाही, एवढे एका ओळीत कळवलेत तरी पुरे.

तुमची भाची

९ नोव्हेंबर

पोथे,

तुला आणि तुझ्या भेगेला आशीर्वाद.

भिण्यासारखं काही नाही. घे, झाली तुझी एक ओळ. अगं, इमारतीचं वय झालं की भेगा पडायच्याच, मामीच्या टाचा बघ. (हे वाक्य तिने वाचलंय आणि आज मला चहा फिका मिळालाय.)

पण आता विचारलंसच तर दोन-तीन गोष्टी बघून कळव. भेग सरळ उभी आहे का तिरकी? वर रुंद आणि खाली निमुळती आहे, का उलट? आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे? रिकामी जागा, रस्ता, का दुसरं घर?

आणि एक काम कर. बोटभर लांब, पातळ काचेच्या तीन पट्ट्या आण. भेगेवर आडव्या, एक वर, एक मध्ये, एक खाली अशा लाव. दोन्ही टोकं पांढऱ्या प्लॅस्टरने भिंतीला घट्ट चिकटव, मधला भाग मोकळा ठेव. बाजूला कागदावर तारीख लिही. आम्ही याला साक्षीची काच म्हणायचो. काच लवत नाही, वाकत नाही. भिंत केसभर हलली की ती सरळ तुटते. काच शाबूत तर भिंत जागच्या जागी, आणि तू पांघरूण ओढून झोप.

काच विकत घेताना दुकानदाराशी बोलावं लागेल. त्याने कुणी मेलेलं नाही.

मामा

१५ नोव्हेंबर

प्रिय मामा,

कोपऱ्यावर तसबिरींना चौकटी बसवणारा एक फ्रेमवाला आहे. त्याच्या दुकानावरून मी चार वेळा गेले आणि पाचव्या वेळी आत शिरले. "कसली फ्रेम?" त्याने विचारले. मी म्हणाले, "फ्रेम नको, फक्त काच. बोटाएवढी." त्याने कापताना उरलेल्या पट्ट्यांतून तीन काढून दिल्या.

काचा लावत असताना पकडले गेलेच. दुसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या खोलीत शिवणकाकू राहतात. दिवसभर त्यांचे मशीन चालते, आणि पहाटे सहाला सगळा जिना त्या आपण होऊन झाडतात. "झाडणारी बाई यायची बंद झाली म्हणून काय घाणीत चढायचं?" एवढेच त्यांचे त्यावरचे म्हणणे. पोस्टकार्डही त्यांनीच परत केले होते. त्यांनी विचारले, "हे काय गं, भिंतीला काय मलमपट्टी?" मी म्हणाले, "प्रयोग आहे." "परीक्षेचा?" मी मान हलवली. माझ्या वयाच्या बाईला कसली परीक्षा असणार, हे त्यांनी विचारले नाही. "बरं, मी जपून झाडेन," एवढेच म्हणाल्या. मी खरे का सांगितले नाही, हे मला तेव्हाही कळले नाही आणि आताही कळत नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे: भेग तिरकी आहे. वर रुंद, खाली निमुळती. भिंतीच्या पलीकडे पूर्वी गोदाम होते. ते दोन महिन्यांपूर्वी पाडले. आता तिथे नव्या बांधकामासाठी खड्डा खणला आहे. आमच्या भिंतीपासून तो सहा पावलांवर आहे, पावले माझी. खोली नेमकी सांगता येत नाही, पण त्यात उभ्या असलेल्या माणसाची टोपी मला फळीच्या फटीतून बरीच खाली दिसते.

तुमची भाची

२० नोव्हेंबर

चि. पोथीस,

पत्र मिळालं. खड्ड्याच्या कडेला मातीला आधार म्हणून काही ठोकलंय का, फळ्या किंवा लोखंडी पत्रे? बघ. फार जवळ जाऊ नकोस.

काचांवर रोज नजर टाकत जा. दारं-खिडक्या लागताना अडकतात का, तेही बघ. आणि शेजाऱ्यांच्या कानावर घाल. घरमालकाला एक पत्र टाक. तुझं अक्षर मोत्यासारखं आहे, त्याचा कधीतरी उपयोग होऊ दे.

बाकी इकडे ठीक. मामी विचारते, या वेळी तुम्ही एकही थट्टा का लिहिली नाही. मी म्हटलं, पाय दुखतोय.

मामा

३० नोव्हेंबर

प्रिय मामा,

एक आनंदाची बातमी: तिन्ही काचा शाबूत आहेत. सकाळी साडेनऊला कामावर जाताना आणि संध्याकाळी परत येताना मी अर्धा जिना वर चढून त्या पाहते. पंधरा दिवसांत त्यांना तडाही गेलेला नाही. उलट त्या पहिल्यापेक्षा चकचकीत दिसतात. शिवणकाकू झाडताझाडता त्याही पुसत असणार. पहिल्या आठवड्यात मी त्या पाहून पळतच खाली येत असे, आता सावकाश उतरते.

खड्ड्याच्या कडेला काहीही ठोकलेले नाही. आमच्या बाजूची माती कोरड्या भाकरीसारखी कडेने सुटते आहे. माझ्या खोलीचे दार आठवड्यापूर्वी अडकू लागले. खांद्याने ढकलावे लागते. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बसकंडक्टर राहतात, सगळे त्यांना कंडक्टर आजोबा म्हणतात. त्यांचेही दार अडकते. परवा ते जिन्यातून गरजत होते, "या घरमालकाने दारं पण चिरमुऱ्यांच्या लाकडाची बसवलीत!"

घरमालकाला पत्र पाठवले. उत्तर नाही. शेजाऱ्यांच्या कानावर घातले आहे.

काचा शाबूत आहेत, म्हणजे भीती नाही, हे तुम्हीच लिहिले होते. तरी एकदा पुन्हा लिहाल का?

तुमची भाची

५ डिसेंबर

पोथे,

भीती नाही! काचा पंधरा दिवस टिकल्या म्हणजे भिंतीने आपलं बूड टेकलंय. तुझं पत्र वाचून मी मामीला दोन आठवड्यांत पहिल्यांदा टोमणा मारला, आणि तिने 'यांना बरं वाटतंय' असं शेजारी जाऊन सांगितलं.

फक्त त्या दारांचं काही डोक्यातून जात नाही. म्हणून माझ्या समाधानासाठी एवढं कर. भेगेच्या दोन्ही बाजूंना टोकदार पेन्सिलीने एकेक बारीक रेघ मार आणि दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोज. तीन-चार दिवसांनी पुन्हा मोज. खरं तर हे मी पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. पण म्हटलं, पोरगी आधीच घाबरट, तिच्या हातात पट्टी दिली तर ती रात्रंदिवस मोजत बसेल.

मामा

१२ डिसेंबर

प्रिय मामा,

सात तारखेला दोन रेघांमधले अंतर पन्नास मिलिमीटर होते. मी मुद्दाम पूर्ण आकडा धरला होता. आज ते त्रेपन्न आहे. मी अकरा वेळा मोजले. पट्टी बदलली. छापखान्यातली पोलादी पट्टी मागून आणली आणि पुन्हा मोजले. त्रेपन्न.

आणि काचा शाबूत आहेत. तिन्ही. त्यांच्यासमोर पट्टी हातात घेऊन मी उभी राहते, आणि दोघांपैकी कुणीतरी मला फसवते आहे एवढे मला कळते. छापखान्यात मूळ प्रत आणि छापलेला कागद यांत फरक निघाला, तर मूळ प्रत खरी धरायची. इथे मूळ प्रत कोणती?

काल रविवारी दुपारी मी वाचत बसले होते. भिंतीच्या आत काहीतरी वाजले. सुके लाकूड गुडघ्यावर मोडावे तसा एकच आवाज. मग काही नाही. समोर काकूंचे मशीन थांबले, क्षणभर थांबले, आणि पुन्हा चालू झाले. मला फार बरे वाटले आणि लगेच फार वाईट वाटले. कारण त्यांनीही तो आवाज ऐकला होता आणि तो कशाचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

मामा, मी तुम्हाला खोटे लिहिले. मी कुणाच्याही कानावर काही घातलेले नाही. घरमालकाला पत्र टाकले एवढेच खरे. रोज ठरवते की आज काकूंना सांगेन. दार उघडते. त्या म्हणतात, "काय गं, काही हवंय?" आणि मी सुई मागते. माझ्याकडे आता त्यांच्या नऊ सुया जमल्या आहेत.

काय खरे धरू?

तुमची भाची

१६ डिसेंबर

पोथे,

हे पत्र मामी स्वतः पोस्टात नेऊन टाकतेय.

काच शाबूत आणि रेघ सरकलेली, असं चाळीस वर्षांत मी पाहिलं नाही. मला कळत नाही काय खरं आहे. अशा वेळी जे जास्त भीतीचं असेल तेच खरं धर.

लोकांना बाहेर काढ. विचारत बसू नकोस, पटवत बसू नकोस. सहा पावलांवर खड्डा आणि वरून रुंदावत जाणारी तिरकी भेग म्हणजे काय, हे मला तुझ्या दुसऱ्या पत्रातच कळलं होतं. मी काचेवर हवाला ठेवला, कारण मला अंथरुणातून उठता येत नव्हतं आणि तुला घाबरवायचं नव्हतं. ती माझी चूक.

खोटं लिहिलंस त्याचं नंतर बघू. जा.

मामा

२० डिसेंबर

प्रिय मामा,

आम्ही सगळे बाहेर आहोत. हे आधी लिहिते. घडले कसे ते आता सविस्तर लिहिते, कारण आज मला वेळच वेळ आहे.

तुमचे पत्र काल सकाळी मिळाले. मी "जा" या शब्दाकडे पाहत अर्धा तास बसले आणि मग मला जे येते ते केले: लिहिले. पंधरा कागदांवर, ठळक अक्षरांत, एकही खाडाखोड न करता. "इमारत धोकादायक झाली आहे. कृपया आजच खोल्या रिकाम्या कराव्यात." खाली सही केली नाही. सगळे कामात आहेत असे पाहून प्रत्येक दाराखालून एकेक कागद सरकवला, आणि आपण कर्तव्य केले अशा समाधानाने दार लावून घेतले. मामा, मी किती मूर्ख आहे.

दुपारी जिन्यात आरडाओरडा सुरू झाला. कंडक्टर आजोबांचा आवाज सगळ्यांत वर होता. "बघितलंत? सही नाही, शिक्का नाही! हे त्या घरमालकाचंच काम. आपल्याला हुसकायचं आणि जागा शेजारच्या बांधकामवाल्याला द्यायची. बाहेर या सगळे! सभा घ्यायची!"

आणि त्यांनी सभा जिन्यातच बोलावली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर, कारण तिथून सगळ्यांना सगळे दिसते. दाराच्या फटीतून मी माणसे मोजत होते. नऊ. चौदा. एकवीस. कडेवर मूल घेतलेली एक बाई त्या भेगेलाच पाठ टेकून उभी होती. माझ्या कागदाने सोळा बिऱ्हाडांना नेमके त्या एका जागी आणून उभे केले होते. सव्वीस.

मी दार ढकलले. ते अडकले. पुन्हा ढकलले तेव्हा ते एवढ्या मोठ्या आवाजाने उघडले की सगळे माझ्याकडे वळले. एवढ्या माणसांनी एका वेळी माझ्याकडे कधीच पाहिले नव्हते.

"ते मी लिहिले," मी म्हणाले.

"काय?" आजोबा म्हणाले. "मोठ्याने बोल."

"कागद. मी लिहिले. घरमालकाने नाही. कृपया जिन्यावरून उतरा."

"तू? तोंडातून कधी शब्द नाही निघाला तुझ्या, आणि आता एकदम इमारत पाडायला निघालीस?" काहीजण हसले. "कुणी शिकवलं तुला? किती दिले मालकाने?"

मी भेग, खड्डा, पेन्सिलीच्या रेघा, तुम्ही, सगळे सांगितले. उलटसुलट सांगितले. आजोबांनी चष्मा लावून भिंतीकडे पाहिले. "आणि या काचा कशाच्या?"

"भिंत हलली तर त्या तुटतात."

"मग? धडधाकट तर आहेत!" त्यांनी बोटाने मधल्या काचेवर टकटक केले. "तुझी साक्षच सांगते आहे की भिंत ठणठणीत आहे. काय गं पोरी?"

सगळे पुन्हा हसले.  तेवढ्यात खालच्या पायरीवरून शिवणकाकू म्हणाल्या, "त्या काचा तिच्या नाहीत."

कुणाला काही कळले नाही. काकू कापडाचा तुकडा हातात चुरगाळत होत्या.

"तिच्या तुटल्या. लावल्यापासून सहाव्या दिवशी पहिली तुटली. मला वाटलं, माझ्या झाडूचा दांडा लागला. बिचारीची परीक्षा, एवढ्या जपून लावलेल्या. मग मी पहाटेच फ्रेमवाल्याला उठवून तशीच आणली आणि तिच्या उठायच्या आत बसवली. त्याने काच बसवायची पुट्टी दिली, तीही पांढरीच. दोन दिवसांनी दुसरी तुटली. मग तिसरी. मी म्हटलं, काय माझ्या हाताला झालंय! मग मी तिथे झाडू लावायचाच बंद केला, हाताने पुसायला लागले. त्यानंतर नाही तुटली एकही."

मी पुढे होऊन वरच्या काचेच्या टोकाला नख लावले. पुट्टी लोण्यासारखी मऊ होती. भिंत सरकत होती आणि काच तिच्यावरून अलगद घसरत होती. तिला तुटायचे कारणच उरले नव्हते.

"तीन तुटल्या," मी म्हणाले. "तिन्ही तुटल्या होत्या."

या वेळी कुणी मला मोठ्याने बोलायला सांगितले नाही. त्या बाईने मुलाला आवळून धरत भिंतीपासून पाठ सोडवली, अगदी हळू, जणू भिंतीला जाग येईल. आजोबांनी काचेवरचे बोट काढून घेतले. मग ते म्हणाले, "एकेकाने उतरा. पळू नका. कठड्याला हात लावू नका. म्हातारी माणसं आधी." बसमध्ये म्हणत असतील तसेच.

संध्याकाळपर्यंत सगळे खाली आले. समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी सभागृह उघडून दिले. काकूंचे मशीन चौघांनी उतरवले. त्या माझ्याशी बोलत नाहीत. मीही त्यांच्याशी बोललेले नाही. एकमेकींची तोंडे चुकवत आम्ही एकाच सतरंजीवर बसलो आहोत.

तुमची भाची

२५ डिसेंबर

प्रिय मामा,

तुमचे उत्तर येण्याआधीच पुन्हा लिहिते आहे. इमारत उभी आहे.

सहा दिवस झाले. रोज सकाळी मी शाळेच्या खिडकीतून पाहते. ती उभी असते, तिच्या गच्चीवर वाळत टाकलेली कुणाची तरी चादर हलत असते, आणि ती इतकी साधी, इतकी निरुपद्रवी दिसते की मला तिच्यापुढे लाज वाटते. नगरपालिकेचा माणूस आला होता. त्याने रस्त्यावरूनच मान वर केली, वहीत काही टिपले, "अहवाल देतो" म्हणाला आणि गेला.

लोक कंटाळले आहेत. एका सभागृहात चाळीस माणसे, दोन नळ. कुणाचे कामावर जाणे अडते, कुणाचे म्हातारे खोकत राहतात. काल एकजण मला ऐकू येईल असे म्हणाला, "पुस्तकं वाचून डोकं फिरलेल्या पोरीच्या नादाने घरदार सोडलं." कंडक्टर आजोबांनी ठरवले आहे: एकतीस तारखेपर्यंत वाट पाहायची, आणि मग सगळ्यांनी परत जायचे.

मामा, हे फक्त तुम्हाला लिहिता येईल. ती पडेल याची मला भीती वाटत होती. आता ती पडणार नाही याची वाटते. सोळा घरे जमीनदोस्त व्हावीत, म्हणजे माझे मोजमाप खरे ठरेल, असा विचार मनात येणाऱ्या मुलीला काय म्हणावे? मी पट्टी चुकीची तर धरली नसेल ना? काकू काल रात्रीच्या जेवणाला उठल्या नाहीत. त्यांना वाटते सगळा दोष त्यांचा. मला वाटते माझा. मी त्या दिवशी "प्रयोग" न म्हणता खरे सांगितले असते, तर त्यांनी काच बदलली असती का?

तुमची भाची

२८ डिसेंबर

पोथे,

पाय अजून प्लॅस्टरमध्येच आहे, नाहीतर मी येऊन त्या दारात आडवा पडलो असतो.

तुझ्या आईलाही मी जे कधी सांगितलं नाही ते सांगतो. मुकादम होऊन मला तीन वर्षं झाली होती. एका कुंपणाच्या भिंतीला पोट आलेलं मला दिसलं. दुपारची सुट्टी व्हायची होती. आदल्याच महिन्यात मी अशाच एका भिंतीखालची जागा रिकामी करायला लावली होती आणि त्या भिंतीला काही झालं नव्हतं. साहेब आठ दिवस मला "ज्योतिषी" म्हणून हाक मारायचे. म्हणून त्या दिवशी मी म्हटलं, सुट्टीनंतर सांगू. सुट्टीत ती पडली, तेव्हा सावलीला म्हणून दोघे त्या भिंतीला टेकून जेवत होते.

माझे कान त्याच दिवशी गेले असं तुला वाटेल. ते नंतर गेले. पण त्या दिवसापासून मला ऐकायचंच नव्हतं काही.

तुझ्या मनात आला तो विचार माझ्याही मनात आला असता. त्याने तू वाईट होत नाहीस. इमारत उभी राहिली तर लोक तुला हसतील, एवढंच होईल. हसू दे. हसायला ते जिवंत असतील.

तुझ्या त्या काकूंना सांग, त्यांची काही चूक नाही. ज्या गोष्टीचा अर्थ कुणी सांगितला नाही, ती त्यांनी प्रेमाने दुरुस्त केली. आणि हे तोंडाने सांग. चिठ्ठी लिहू नकोस.

एकतीसला कुणाला आत जाऊ देऊ नकोस.

मामा

३ जानेवारी

प्रिय मामा,

तुमचे पत्र तीस तारखेला हाती आले. ते वाचून झाल्यावर मी काकूंच्या शेजारी बसले आणि तुम्ही सांगितले तसे तोंडाने सांगितले. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "मग त्या नऊ सुया कशाला नेल्यास?" मी तेही सांगितले. त्या हसल्या, मग रडल्या, मग मला ओरडल्या. त्यानंतर आम्हाला दोघींना भूक लागली.

एकतीसला सकाळी नऊ वाजता सगळे गाठोडी बांधून निघाले. मी त्यांच्या आधी जाऊन इमारतीच्या दारात उभी राहिले.  

"बाजूला हो, पोरी," कंडक्टर आजोबा म्हणाले.

"नाही."

"कुणाच्या हुकमाने?"

"कुणाच्याच नाही. पण मी होणार नाही."

"उचलून ठेवीन बाजूला."

"मग आधी मला उचला," शिवणकाकू म्हणाल्या. त्या शाळेतले स्टूल घेऊन आल्या होत्या. ते दारात मांडून त्या त्यावर ठाण बसल्या. "मी पंचाहत्तर किलो आहे. बघा जमतंय का."

मागे काहीजण हसले, काहीजण चिडले. वाद वीस-पंचवीस मिनिटे चालला. शेवटी आजोबा म्हणाले, "बरं, असं करू. मी एकटाच वर जातो. अर्धा तास माझ्या खोलीत बसतो. काही झालं नाही, तर दुपारी सगळे चढायचं. कबूल?" लोक कबूल म्हणाले. ते काकूंच्या स्टुलाला वळसा घालून उंबऱ्यावर पाय ठेवणार, तेवढ्यात भिंतीच्या आतून तो आवाज आला, सुके लाकूड मोडल्याचा. एक. मग दुसरा. मग मोजता येईनात.

मी काकूंना ओढले. कोण कुठे पळाले कळले नाही. मागे वळून पाहिले तेव्हा जिन्याची बाजू, वरपासून खालपर्यंत, खड्ड्याकडे झुकली, जणू कुणी खांद्यावरचे ओझे उतरवून ठेवावे तशी, आणि मग तिचा आवाज आमच्यापर्यंत आला.

धुळीत काही दिसत नव्हते. मी रस्त्यापलीकडे एका दुकानाच्या बंद दाराला चिकटून उभी होते. पुढे दहा पावलांवर आजोबा होते, पाठमोरे. बोट उगारून ते माणसे मोजत होते, बसमध्ये मोजत असतील तशी. "तळमजला, चारही. पहिला, चारही. दुसरा... काकू आहे. बाळाची आई आहे. कोपऱ्यातला आहे." बोट थांबले. "ती कुठंय? ती लिहिणारी? दारातच होती ती!"

 आजोबा इमारतीकडे निघाले. उरलेला अर्धा भाग हवेत लोंबत होता, त्यातून विटा सुटून पडत होत्या, आणि ते सरळ त्या दाराकडे चालले होते, मला आणायला.

मी तोंड उघडले. आवाज निघाला नाही. पुन्हा उघडले. नुसती धूळ आत गेली. ते उंबऱ्यापासून पाच पावलांवर होते. चार. तेव्हा माझ्यातून जे बाहेर पडले ते मला स्वतःलाच ओळखू आले नाही:

"मी इथे आहे!"

सगळा रस्ता वळला. आजोबा वळले. ते पांढरेफटक झाले होते, केसांपासून चपलांपर्यंत, आणि फक्त डोळे तेवढे काळे होते. ते परत आले, तेही पळत, आणि मागे लोंबणारा भाग खाली आला. एकही माणूस दगावला नाही, मामा. एकही नाही.

 आजोबांनी माझे उजवे मनगट पकडले आणि सोडलेच नाही. बंबवाले आले, नगरपालिकेचा तो माणूस आला, लोकांनी त्याला घेरले, आणि मी आजोबांच्या मुठीत तशीच उभी होते. संध्याकाळी शाळेत कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. मी म्हणाले, "आजोबा, हात."

ते म्हणाले, "डाव्याने पी."

तुमची भाची